अस्मानी, सुलतानी आणि आपली भिंत



मराठीत संकटांची एक जुनी जोडी आहे : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही, गारपीट झाली, टोळधाड आली, की ते अस्मानी संकट. सारा वसूल करायला आलेल्यांनी घरातलं शेवटचं पोतं उचलून नेलं, फौजेनं उभं पीक तुडवलं, की ते सुलतानी. यातला एक शब्द फारसीतून आला, दुसरा अरबीतून. पण दोन्ही इथल्या मातीत असे मुरले, की ते परक्या भाषेतले आहेत हे बांधावरच्या शेतकऱ्याला कधी जाणवलंही नाही. या जोडीत मोठं शहाणपण आहे. जे वरून आलं ते सोसायचं आणि जे माणसानं आणलं त्याबद्दल निदान मनातल्या मनात तरी जाब विचारायचा, हा फरक आपल्या पूर्वजांनी दोन शब्दांत करून ठेवला.

आज नैसर्गिक आपत्तींबद्दल बोलताना मला ही जोडी थोडी अपुरी वाटते. भूकंप अस्मानातून येत नाही, जमिनीतून येतो. आणि त्यात माणसं मरतात ती बहुतेक वेळा जमीन हलल्यामुळे मरत नाहीत, घर अंगावर पडल्यामुळे मरतात. ते घर आभाळानं बांधलेलं नसतं, सुलतानानंही नाही. ते आपण बांधलेलं असतं. म्हणून या जोडीला मी आज एक तिसरा शब्द जोडणार आहे : आपली भिंत.

भिंतीची गोष्ट सांगायची तर किल्लारीपासूनच सुरुवात करावी लागेल.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, मिरवणुका आटोपून लोक दमून घरी आले आणि गाढ झोपले. पहाटे तीन वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरची जमीन हादरली. औसा, उमरगा, लोहारा, निलंगा हा सगळा पट्टा. किल्लारी, सास्तूर अशी नावं त्या सकाळी पहिल्यांदा देशाच्या कानावर पडली. भूकंपाची तीव्रता होती सुमारे 6.2. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातो. पुढे 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांत पाऊसही आला. पडलेल्या घरांच्या तुळया काढून लोकांनी चिता रचल्या. ज्या लाकडानं पिढ्यान् पिढ्या घर पेललं, त्याच लाकडावर घरातली माणसं ठेवली गेली.

आपण म्हणतो, 'संकट कोसळलं'. कवी म्हणून मी शब्दांकडे जरा संशयानं बघतो. किल्लारीत नेमकं काय कोसळलं? कोसळलं ते माळवद.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझं लहानपण मराठवाड्यातल्या अशाच घरात गेलं. दगडाच्या जाडजूड भिंती, दोन-अडीच फुटांच्या, जुन्या वाड्यांत तर चार फुटांपर्यंतही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात बाहेर ऊन मी म्हणत असताना आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. वर माळवदावर मिरच्या वाळत, कुरडया वाळत, रात्री सगळं घर चांदण्यात वर झोपायला. पावसाळा जवळ आला की गळती लागू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची. दर वर्षी थोडी. वडिलांनी टाकली, आजोबांनी टाकली, पणजोबांनीही टाकलेली. जुनी माती कुणी काढत नसे. थर वाढत जाई आणि कुणाला त्याचं ओझं वाटत नसे.

आता त्या ओझ्याचा हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. वर दीड फूट माती आहे असं धरा. म्हणजे दीडशे घनफूट माती झाली. एका घनफूट मातीचं वजन साधारण 45 किलो धरलं, तर त्या एका खोलीच्या डोक्यावर पावणेसात टन माती. एक भरलेला ट्रक खोलीच्या वर उभा करून आपण खाली बाळंतिणीची खाट टाकत होतो.

आणि हा ट्रक कशावर उभा होता? भिंतीवर. बाहेरून पाहिलं तर भिंत किल्ल्यासारखी. पण तिच्या पोटात शिरून पाहिलं तर ती एक भिंत नसायची, दोन असायच्या. एक बाहेरच्या अंगाची, एक आतल्या अंगाची. दोन्हींचे दर्शनी दगड नीट बसवलेले, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड, गोटे आणि माती भरलेली. चुन्याचा खर्च परवडत नसे, म्हणून जोडायलाही मातीच. वर्षानुवर्षं वरचं ओझं खाली दाबत राहतं तोवर अशी भिंत उभी राहते. पण जमीन आडवी हलली की काय होतं, ते एसटीतल्या उभ्या प्रवाशाला विचारा. ड्रायव्हरनं अचानक गाडी काढली की पाय गाडीबरोबर पुढं जातात आणि डोकं मागं राहतं. घराचंही तेच होतं. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचं जड माळवद मागं राहू पाहतं आणि त्या ओढाताणीत भिंतीची दोन अंगं एकमेकांपासून सुटतात. एक आत पडतं, एक बाहेर. मग माळवद खाली येतं. ज्या घरांत भिंतीच्या आत लाकडी खांबांचा आणि तुळयांचा पुरा सांगाडा होता, तिथं अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं. पण लाकूड महाग होत गेलं तसे खांब कमी होत गेले आणि सगळा भार भिंतींवर आला.

किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची, साडेचार. तीव्रता किल्लारीपेक्षा जास्त, 6.7. वस्ती दाट, शहर अफाट. तिथे साठच्या आसपास माणसं दगावली. पूल पडले, इमारती पडल्या, नुकसान प्रचंड झालं, पण घरात झोपलेली बहुतेक माणसं जिवंत बाहेर आली. तिथली राहती घरं मुख्यत्वे हलक्या लाकडी सांगाड्याची होती आणि अशा धक्क्यांचा विचार करून केलेले बांधकामाचे नियम होते. आपल्यापेक्षा देव त्यांच्यावर अधिक मेहेरबान होता असं मला वाटत नाही. जमीन दोन्हीकडे हलली. फरक डोक्यावरच्या वजनात होता आणि ते वजन पेलणाऱ्या भिंतीत होता.

मग जमीन हललीच का, असं कुणी विचारेल. दख्खनचं पठार म्हणजे काळ्या पाषाणाचं. ते कसं हलेल, असाच आपला समज होता. शास्त्रज्ञ सांगतात की भारताचा भूभाग वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर या गतीनं उत्तरेकडे सरकतो आहे, जवळपास आपली नखं वाढतात तसा. तो तिकडे आशियाच्या भूभागाला रेटतो, म्हणून हिमालय उचलला गेला. पण रेटा फक्त हिमालयात राहत नाही. गाडी ढकलताना हात दुखतात तशी पाठही दुखते. पठाराच्या पोटात जुन्या भेगा आहेत, तिथे ताण साठत जातो आणि कधीतरी खडक मोडतो. किल्लारीला तो जमिनीखाली फार खोल मोडला नाही, म्हणून वर बसलेला धक्का जबर होता.

पठाराने आपल्याला याची सूचना आधीच दिली होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तीव्रता सुमारे 6.3, मृत्यू 180 च्या आसपास. कोयनेचं धरण भरू लागल्यावर काही वर्षांतच हे झालं आणि धरणातल्या प्रचंड साठ्याचा भूकंपाशी असलेला संबंध जगभरच्या अभ्यासाचा विषय बनला. त्यानंतर कोयना परिसराची काळजी घेतली गेली, तिथे उपकरणं बसली. पण कोयनेपासून दूर असलेल्या पठारावरच्या गावांना ही सूचना आपल्यासाठीही आहे असं वाटलं नाही, आणि कुणी तसं सांगितलंही नाही.

इथून सुलतानी सुरू होते. सुलतानी म्हणजे केवळ जुलूम नव्हे. ज्याच्या हातात माहिती आणि अधिकार आहे त्याने ती माहिती वेळेवर खालपर्यंत न पोहोचवणं, हीसुद्धा सुलतानीच. त्या काळी देशाच्या भूकंप-नकाशाचे पाच विभाग होते. किल्लारी पहिल्या विभागात होती, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच परिसराला अनेक लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते. पण नकाशा सांगत होता की इथे काळजीचं कारण नाही. 2002 साली नकाशा सुधारण्यात आला, पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे नकाशा बदलायला आधी हजारो माणसं मरावी लागली. एक गोष्ट मात्र न्यायानं सांगितली पाहिजे. नकाशा तोवर झालेल्या भूकंपांच्या नोंदीवरून बनतो, आणि पठाराच्या भूकंपांच्या मधली शांतता शेकडो वर्षांची असू शकते. म्हणूनच 'आमच्या गावात आजवर कधी झालं नाही' हे वाक्य आपल्याला कितीही धीर देत असलं, तरी त्याला पुरावा मानू नये.

आणि नकाशा बरोबर असला, नियम कडक असले, म्हणून काम होतं असंही नाही. 6 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे तुर्कस्तानात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. तिथं माळवदं नव्हती, सिमेंटच्या अनेक मजली इमारती होत्या. भूकंपाचे नियमही कागदावर चांगले होते. पण 2018 साली बेकायदा बांधकामं दंड भरून कायदेशीर करून घेण्याची मुभा सरकारनं दिली होती. कागद कायदेशीर झाला, खांब होता तसाच राहिला. 'नियमित करणे' हा शब्दप्रयोग आपल्याही कचेऱ्यांत चांगला रुळलेला आहे. त्याने घराचा उतारा सुधारतो. पाया आणि सळई सुधारत नाही.

किल्लारीनंतरच्या काळात बरंच कामही झालं, तेही सांगायला हवं. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. जी गावं पूर्ण पडली होती ती नव्या जागी वसवली. ज्याच्याकडे जेवढी जमीन त्या प्रमाणात 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. ती पक्की होती. पण नवं गाव सरळ रेषांचं, मोकळं, लांबच लांब पसरलेलं. जुन्या गावातली गल्ली, शेजारणीशी भिंतीवरून होणारं बोलणं, पारावरचं बसणं, चार पावलांवरचं शेत, हे कुठल्या तक्त्यात बसत नव्हतं. आपत्तीचे परिणाम मोजताना आपण मृत, जखमी आणि पडलेली घरं मोजतो. तुटलेला शेजार मोजायला आपल्याकडे रकाना नाही.

जी घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, त्यांच्या दुरुस्तीसाठी आणि मजबुतीसाठीही मदत दिली गेली. अशी घरं लाखांच्या संख्येत होती. या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून जोडून घेतलं गेलं. ज्या बायकांनी तोवर गवंड्याला फक्त चहा दिला होता, त्या आता त्याला विचारू लागल्या, 'सळई किती घातली? वाळू चाळली का?' पुढे 2001 साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या अशा काही बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. भाषा निराळी असली तरी पडलेल्या घराचं दुःख आणि उभ्या करायच्या घराची काळजी दोघींना कळत होती. तयारी म्हणजे काय, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण या कार्यक्रमातच एक धडाही मिळाला. मजबुतीसाठी मिळालेल्या पैशातून बऱ्याच जणांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या भिंतीनं धास्ती बसवली तिच्यावर पुन्हा पैसा घालायला मन कसं धजावेल? तरीही जुनी भिंत तशीच उभी राहिली, तिच्यावरची माती तशीच राहिली, आणि हळूहळू भीती गेल्यावर माणसं पुन्हा तिच्या आत झोपू लागली.

त्या भिंतीला करायचं काय होतं? मी बी.ए. झालेला माणूस, इंजिनिअर नाही. पण हा उपाय समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. दगडी भिंत बांधताना मधूनमधून एक लांब दगड असा ठेवायचा, की त्याचं एक टोक आतल्या अंगाला दिसेल आणि दुसरं बाहेरच्या. तो भिंतीच्या आरपार जाईल. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर असा एक आरपार दगड असला, की भिंतीची दोन अंगं एकमेकांना धरून राहतात. लांब दगड नसेल तर सळई घातलेला सिमेंट-काँक्रीटचा तुकडा चालतो. उभ्या भिंतीतही जाणकाराच्या देखरेखीखाली आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरता येतं. दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा एक सलग पट्टा द्यायचा, जसा पोत्याला सुतळीचा वेढा. आणि माळवदावरची पिढ्यान् पिढ्यांची माती उतरवून थर हलका करायचा. गळू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा. बस, एवढंच. घराच्या एकूण खर्चात हा खर्च थोडाच असतो.

हे जुन्या गवंड्यांना अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. जुन्या चांगल्या बांधकामांत लांब, सांधणारे दगड दिसतात. पण लांब दगड घडवायला वेळ लागतो, मजुरी लागते, आणि एकदा गिलावा झाला की तो आत आहे की नाही हे कुणाला दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायला मालक नाखूश असतो, आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते गवंडी विसरतो. एखादी विद्या अशीच नाहीशी होते. आज दगड गेले, स्लॅब आला. 'स्लॅब टाकला' म्हणजे घर पक्कं झालं असं आपण समजतो. पण कच्च्या भिंतीवर टाकलेला स्लॅब म्हणजे पुन्हा माळवदच, फक्त सिमेंटचं. एका मजल्याच्या पायावर दुसरा, मग तिसरा चढवायचा, खाली दुकानासाठी भिंती काढून नुसते खांब ठेवायचे, पाणी न मारता काँक्रीट सुकू द्यायचं, ही आजची पांढरी माती आहे. दर वर्षी थोडी, कुणाला ओझं न वाटता.

इथे कुणी म्हणेल, शेवटी सगळं वरच्याच्या हातात. अशा प्रसंगी 'अल्लाहची मर्जी', 'देवाची इच्छा' हे शब्द मीही ऐकले आहेत आणि उच्चारले आहेत. ज्याचं घरच्या घर गेलं त्याच्या पाठीवर हात ठेवताना माणसाकडे दुसरे शब्द नसतात. त्या शब्दांना मी कधी हसणार नाही. पण ते सांत्वनाचे शब्द आहेत, बांधकामाचे नव्हेत. आमच्याकडे प्रेषितांची एक आठवण सांगतात. एकानं त्यांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? त्यांनी सांगितलं, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. खाटल्यावर पडून हरीची वाट पाहणाऱ्याची थट्टा आपल्या म्हणीनं केव्हाच करून ठेवली आहे. श्रद्धा आणि तयारी यांचं भांडण नाही. त्या पहाटे देऊळ, मशीद आणि घर यांत जमिनीनं फरक केला नाही. जे नीट बांधलेलं होतं ते राहिलं.

तयारीनं खरंच फरक पडतो का? पडतो, आणि आपल्याच देशात पडलेला आहे. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं, तेव्हा सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्यानं किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी पथकं तयार केली, इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत कसा जाईल याची रीत बसवली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन नावाचं मोठं वादळ आलं. या वेळी दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं गेलं होतं. मृत्यूंचा आकडा हजारांवरून काही दहांवर आला. समुद्र तोच, वारा तसाच. मधल्या चौदा वर्षांत माणसं बदलली होती.

वादळ दोन-चार दिवस आधी कळतं; भूकंप केव्हा होणार हे आजही कुणी सांगू शकत नाही. म्हणून भूकंपाची तयारी ही इशाऱ्यानंतर करायची गोष्टच नाही. ती घर बांधतानाच झालेली असायला हवी. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, आणि जमीन हलू लागल्यावर भिंतीत दगड बसवता येत नाही. डोंगराखालच्या वस्त्यांचंही थोडंफार असंच आहे. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गाडली गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर त्याला गाव दिसेना. त्यानंतर 2021 मध्ये तळिये आणि 2023 मध्ये इर्शाळवाडी. डोंगराला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडं, ही डोंगराची भाषा आहे. ती वाचून वेळेत खाली उतरणं आणि उतरलेल्यांसाठी खाली निवारा तयार असणं, दोन्ही हवं. पहिलं गावाचं काम, दुसरं सरकारचं.

आता शेवटी, ऐकणाऱ्यांनी घरी करून पाहाव्यात अशा काही गोष्टी.

आपल्या घराची भिंत एकदा नीट बघा. तिला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, छपरावर गरज नसलेलं ओझं साठलंय का. जड कपाट भिंतीला पट्टीनं बांधा, आणि खाटेच्या डोक्याशी वर जड वस्तू ठेवू नका. रात्री उशाशी बॅटरी आणि पायाशी चप्पल ठेवा. अंधारात फुटलेल्या काचांवरून कुणी पळू शकत नाही. हादरा बसलाच, तर तळमजल्यावर असाल आणि दोन-चार पावलांत मोकळं अंगण असेल तर बाहेर पडा. वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडे, लिफ्टकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली शिरून डोकं झाका आणि ते घट्ट धरून ठेवा. हादरा थांबल्यावर गॅस बंद करा, बाहेर या, आणि तडकलेल्या घरात सामान आणायला परत जाऊ नका, कारण मागून आणखी धक्के येतात. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ असू द्या. आणि हे लक्षात ठेवा, की मदतीचं पथक कितीही लवकर निघालं तरी ढिगाऱ्यापाशी पहिला हात शेजाऱ्याचाच पोहोचतो. त्या शेजाऱ्याशी आज आपलं बोलणं आहे ना, हाही तयारीचाच भाग.

जपानमध्ये 1 सप्टेंबर 1923 ला तोक्यो परिसरात महाभयंकर भूकंप झाला होता. तो दिवस तिथे आपत्तीच्या तयारीचा दिवस म्हणून पाळतात. शाळांत, कचेऱ्यांत सराव होतात. आपल्याकडे 30 सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. ती वाहिलीच पाहिजे. पण त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावानं आणखी एक गोष्ट करावी असं मला वाटतं. गावातल्या सगळ्या गवंड्यांना, मिस्त्रींना शाळेच्या अंगणात बोलवावं, त्यांना मान द्यावा आणि एक भिंत त्यांच्याकडून मुलांसमोर अर्धीच बांधून घ्यावी, आरपार दगड दिसेल अशी. मुलांनी तो दगड हात लावून पाहावा. उद्या यांतलीच मुलं घरमालक होतील आणि गवंड्याला विचारतील, 'मिस्त्री, आरपार दगड ठेवला का?' हा प्रश्न विचारणारा मालक आणि त्याचे पैसे देणारा मालक तयार झाला, तर दगड आपोआप भिंतीत जाईल.

अस्मानी कुणाच्या हातात नाही. सुलतानीला आपण मतानं आणि अर्जानं जाब विचारत राहू. तो विचारलाच पाहिजे. पण भिंत आपली आहे, आणि ती अजून उभी आहे तोवरच तिच्यासाठी काही करता येतं. येत्या रविवारी जरा वेळ काढून ती बघा, एवढीच विनंती.